विजयाची मिरवणूक आणि शेजारचे दार

निवडणुकीचा निकाल लागला की माणसे रस्त्यावर येतात, ओळखदेख नसलेल्यांच्या गळ्यात पडतात, गुलाल उधळतात. हा आनंद खोटा असतो असे म्हणणाऱ्या विद्वानांपैकी मी नाही. मी तो भोगला आहे. पण परक्याला क्षणात आपला करणारा हा आनंद त्याच क्षणी कुणाला परका करतो, हा प्रश्न मला चाळीस वर्षे सोडत नाही.

जानेवारी १९८३. आम्ही हैदराबादेत बरकतपुऱ्यात, चमनच्या जवळच राहत होतो. मी सातवीत होतो. नंदमुरी तारक रामाराव यांनी २९ मार्च १९८२ रोजी तेलुगू देसम पक्ष काढला आणि वर्ष उलटायच्या आत विधानसभेच्या २९४ पैकी २०० हून अधिक जागा जिंकल्या. १९५६ साली आंध्र प्रदेश झाला तेव्हापासून तिथे काँग्रेसखेरीज कुणाचे राज्य आले नव्हते. मतपत्रिका हातांनी मोजण्याचे ते दिवस. निकाल तुकड्यातुकड्यांनी यायचे आणि इराणी हॉटेलातल्या रेडिओभोवती गर्दी वाढत जायची. रात्री कधीतरी ती गर्दी रस्त्यावर सांडली आणि मिरवणूक झाली.

पक्षाचे चिन्ह सायकल. त्यामुळे ज्याच्याकडे सायकल होती तो ती घेऊन आला, काहींनी तर डोक्यावर धरली. मीही तासाच्या भाड्याने आणलेली सायकल घेऊन घुसलो. एका रिक्षावाल्याने आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून मला दिला. पिवळी पट्टी बांधलेल्या कुणा तरुणाने मला खांद्यावर घेतले. त्यांची नावे मला तेव्हा कळली नाहीत, पुढेही कळणार नव्हती. तेलुगू, दखनी, मारवाडी, मराठी असे सारे आवाज एका सुरात मिसळले होते. त्या तासाभरात मला जितके सुरक्षित वाटले तितके नंतर फारच क्वचित वाटले.

घोषणा होती तेलुगू माणसाच्या आत्मगौरवाची. निघताना वडील दारात म्हणाले होते, "अरे, आत्मगौरव कुणाचा म्हणताहेत, ते तरी ऐकलंस का?" मी म्हणालो, "सगळे जाताहेत, अण्णा." १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि नोकरीमुळे वडील इथेच राहिले. भाषेच्या अभिमानाची मिरवणूक आपल्या घरावरून गेली की घरातल्यांना काय वाटते, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी मला अडवले नाही. आज मुख्याध्यापक म्हणून विचार करताना वाटते, त्यांनी बरेच केले. दुसऱ्याच्या आनंदात नाचायला आधी त्याचा दाखला तपासावा लागत नाही.

चूक पुढे झाली. आमच्या शेजारी एक वकील राहत. आम्ही त्यांना वकीलगारू म्हणत असू. खादी घालणारे, जन्माचे काँग्रेसवाले. त्यांच्या फाटकापाशी मिरवणूक थांबली. मुद्दाम थांबली. ढोल दुप्पट वाजू लागला. आम्ही पोरांनी सायकलींच्या घंटा वाजवल्या, आणि सर्वांत जोरात मी वाजवली, कारण त्या घरात कोण राहते हे त्या गर्दीत मलाच सर्वांत चांगले ठाऊक होते. ओसरीवरचा दिवा लागला. वकीलगारू बाहेर आले, घोळक्यावरून नजर फिरवत माझ्यापाशी थांबले आणि आत गेले. दिवा विझला.

पतंजलीने योगसूत्रांत चार भाव सांगितले आहेत: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि अपुण्यवंताविषयी उपेक्षा. निवडणुकीत हरलेल्याला यांपैकी कुठे बसवायचे? आम्ही त्या रात्री त्याला चौथ्या खणात टाकले, जणू वेगळे मत देणे हे पापच. युद्धात हरलेला पळून जातो किंवा मरतो. निवडणुकीत हरलेला मात्र उद्या सकाळी त्याच नळावर पाणी भरतो.

आणि हरलेला कोण, हे तरी कुठे पक्के असते? मार्च १९७७ मध्ये दिल्लीत जनता पक्ष आला, पण आंध्रात लोकसभेच्या ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसच्याच होत्या. वडिलांनी तेव्हा पेढे आणले. राज्यात ते हरलेले, देशात जिंकलेले. वकीलगारूंचे नेमके उलट. आई सांगे, वडिलांनी पुडा पुढे केला तेव्हा वकीलगारूंनी एक पेढा उचलला, तोंडात टाकला आणि म्हणाले, "गोड आहे."

अगदी अलीकडे, ३ डिसेंबर २०२३ रोजी, तेलंगणात काँग्रेसने ११९ पैकी ६४ जागा घेतल्या. हैदराबाद जिल्ह्यातल्या १५ जागांपैकी तिला एकही मिळाली नाही. बरकतपुरा ज्या अंबरपेठ मतदारसंघात येतो तिथे भारत राष्ट्र समिती जिंकली, म्हणजे राज्यात सत्ता गमावलेलेच गल्लीत विजयी. रेघ कुठे ओढता त्यावर बहुमत ठरते. सीमाभागातल्या वाचकांना हे मी काय सांगावे? बेळगावच्या महापालिकेत एकीकरण समितीच्या गटाने अनेकदा बहुमत मिळवले, ते २०२१ साली गेले. आणि बहुमत असतानाही राज्याच्या विधानसभेत ती माणसे मूठभरच होती. गुलालाने माखलेला हात आणि बंद केलेली खिडकी, दोन्ही आपल्याच घरातली.

त्या रात्रीनंतर मला वकीलगारूंकडे जाणे जड झाले. त्यांचे इंग्रजी वर्तमानपत्र आणि आमचे मराठी मासिक यांची रोज अदलाबदल होई, आणि ती माझ्याकडे होती. दुसऱ्या सकाळी मी गेलो नाही. तिसऱ्याही नाही. आईने विचारले, मी अभ्यासाचे निमित्त सांगितले. चौथ्या दिवशी अंगणात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. कुंपणाच्या भिंतीवरून त्यांनी तीन दिवसांची वर्तमानपत्रे सुतळीने बांधून टाकली होती. सर्वांत वर रामारावांच्या विजयाच्या बातमीचा अंक होता.

मी मासिक घेऊन भिंतीपाशी गेलो. ते पलीकडे झाडांना पाणी घालत होते. त्यांनी हात पुढे केला, मासिक घेतले आणि मागच्या पानावरचे शब्दकोडे उघडून मला आडव्या ओळीतला एक शब्द विचारला.