कंथा आणि कपाट



दत्तमहाराजांच्या वर्णनात झोळी, दंड, कमंडलू, भस्म यांच्याबरोबर कंथा येते. झोळीवर आपण पुष्कळ बोलतो, कंथेवर सहसा कोणी बोलत नाही. कंथा म्हणजे आपली गोधडी, आमच्या वडूजकडची वाकळ. टाकलेल्या चिंध्या जोडून शिवलेलं पांघरूण. नाथपंथी जोगीही ती अंगावर घेतात, आणि बंगालात गोधडीला आजही कांथाच म्हणतात.

आता पहा, आमची आई एक चिंधी फेकू द्यायची नाही. अवधूतही चिंध्याच अंगावर घेतो. मग संसारी बाईची साठवण आणि विरक्ताची कंथा यांत फरक तो काय? हा प्रश्न मला पोथी वाचताना पडलेला नाही, कपाट उघडल्यावर पडला.

आमची मंडळी जाऊन चार वर्षं झाली. तिच्या साड्यांचं कपाट मी बंदच ठेवलं होतं. दुसऱ्या वर्षी, घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी लेकीच्या सुपारीसाठी त्यातली एक रेशमी साडी मागितली. एका दिवसासाठी, परत देण्याच्या बोलीवर मागितली, हे इथे लिहायलाच हवं. मी म्हणालो, "आठवण आहे मावशी, नंतर बघू." त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. सुपारी झाली, लग्नही झालं.

यंदा श्रावणात कपाट उघडलं. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं की घडीच्या रेघेवर विरतं, हे मला ठाऊक नव्हतं. तिची जांभळी नारायणपेठी उलगडायला गेलो तर ती घडीवरच फाटत गेली. जरही काळवंडली होती. मी जपतोय जपतोय म्हणत होतो. ना ती साडी कुणाच्या अंगाला लागली, ना साडी म्हणून राहिली.

मेरुतुंग नावाच्या जैन आचार्याच्या 'प्रबंधचिंतामणि' या संस्कृत ग्रंथात कंथडी नावाच्या तपस्व्याची गोष्ट आहे. गुजरातचा राजा मूलराज भेटायला आला तेव्हा कंथडीला हिवताप भरला होता. राजाशी नीट बोलता यावं म्हणून त्याने आपला ताप कंथेत घातला. राजा बघतो तर बाजूला पडलेली कंथा थरथर कापतेय! राजाने विचारलं, एवढं सामर्थ्य आहे तर ताप कायमचाच का घालवत नाही? तपस्वी म्हणाला, माझ्या कर्माचं आहे ते मलाच भोगलं पाहिजे.

मी मात्र माझा ताप कपाटात घालून कुलूप लावलं आणि परत घ्यायचं विसरलो. तिथे रेशीम कुजलं.

तेव्हा आईच्या साठवणीचा उलगडा झाला. तिच्याकडचं कापड कधी एका जागी पडून राहायचं नाही. लुगडं फाटलं की त्याचं झबलं, मग गोधडी, आणि गोधडी विरली की तिचं पोतेरं. तिचा नियम एकच, धड कापडाला कात्री लावायची नाही, ते नेसणाऱ्याला द्यायचं. याच्या उलटही एक रीत आहे. विनयपिटकात सांगितलंय की मगधातली बांध घातलेली शेतं दाखवून बुद्धांनी आनंदाला चीवराची रचना तशी करायला सांगितली. तिथे कापड आधी कापायचं, मग जोडायचं. कापलेल्या कापडाचा चोरालाही मोह होत नाही. मला वाटतं दोन्ही रीती एकच काम करतात, पण आपल्यासारख्या संसारी माणसाला आईची सोपी.

साडी आता नेसण्याजोगी नव्हती, म्हणून कात्री लावली. शिकवलं मावशींनीच. कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा वीतभर चौकोन कापला. त्या मापाने नऊ तुकडे, चहूबाजूंनी अर्धं बोट जास्त सोडून. विरलेलं रेशीम टाका धरत नाही, म्हणून प्रत्येक तुकड्याखाली जुन्या धोतराचं अस्तर. एक तुकडा जांभळा, एक तिच्या रोजच्या सुती पातळाचा, असे आलटून पालटून. तीन-तीन जोडून तीन पट्ट्या, मग पट्ट्या एकमेकींना. सगळा धावदोरा.

"अण्णा, टाका लई लांब घालताय," मावशी म्हणाल्या. "पायाचं बोट अडकंल त्यात."

पट्ट्या जोडताना कोपरे जुळेनात. एकेका शिवणीत सुताएवढा फरक, पण तो साठत जाऊन अर्ध्या बोटावर गेला होता. बँकेत दहा पैशांच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत बसलेला माणूस मी. म्हटलं, पुढच्या पट्टीत ओढून घेऊ. मावशींनी सगळं उसवायला लावलं. पहिला चौकोन व्हायला चार दिवस लागले.

खरा पेच पुढे आला. मावशींच्या लेकीला दिवस गेलेत. गोधडी तिच्या बाळाला द्यावी असं मनात आलं आणि लगेच लाज वाटली. साडी धड होती तेव्हा एका दिवसासाठीही दिली नाही, आता तिच्याच चिंध्या द्यायच्या? हे दान म्हणायचं की आपल्या मनाची टोचणी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवणं? आठ दिवस मी विषय काढला नाही. मग एका गुरुवारी हात जोडून सगळं बोललो, दोन वर्षांपूर्वीचंही.

मावशी भांडी घासत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "गोधडी लेकराची हाय, लेकराला द्या. रेशीम नगं त्येला, सरकतंय. सुती लावा नुसतं. आन् साडीचं बोलणं निराळं हाय, अण्णा. त्ये तुमचं तुमी बघा."

दोन खाती वेगळी आहेत, एकाची रक्कम दुसऱ्यात वळती होत नाही. चाळीस वर्षं मी हे खातेदारांना समजावत आलो.

सुती पातळांचे चौकोन सध्या सात झालेत. जांभळा एकच आहे, तो महाराजांच्या पादुकांखाली अंथरलाय. कपाटात चार साड्या धड निघाल्या. मावशींच्या लेकीला ओटी भरायला बोलावलंय, त्यातली कोणती घ्यायची ते तिचं ती ठरवील.