शिरस्ता मोडल्यावर

पन्नाशी उलटलेला, नोकरी आणि संसार रीतसर पार पाडलेला, चारचौघांत मान असलेला गृहस्थ एके दिवशी ‘मी स्वमग्न आहे’ असे म्हणू लागला, तर ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर जो अविश्वास उमटतो तो निव्वळ निष्ठुरतेपोटी असतो असे म्हणता येणार नाही. कारण स्वमग्नता म्हणजे न बोलणारे, नजरेला नजर न देणारे, खेळण्याचे एकच चाक तासन्‌तास फिरवीत बसणारे बालक, हे चित्र आपल्या मनात वैद्यकशास्त्रानेच रेखले आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ज्यांची लक्षणे सविस्तर नोंदली ती अकरा मुले होती; पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी जी बोलकी, बुद्धिमान, परंतु समवयस्कांत न रुळणारी माणसे वर्णिली, तीही बालवयातलीच. अ‍ॅस्पर्गर यांच्या लेखनाकडे इंग्रजी जाणणाऱ्या जगाचे लक्ष लॉर्ना विंग यांनी वेधले ते १९८१ साली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात अ‍ॅस्पर्गर यांनी वर्णिलेल्या प्रकाराला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९९४ साली, आणि २०१३ साली हे सारे प्रकार एकाच व्यापक संज्ञेखाली आणले गेले. आज जे साठीच्या आसपास आहेत, त्यांच्या बालपणी त्यांची नोंद करावयास रकानाच नव्हता.

एवढ्याने प्रश्न मात्र सुटत नाही. रकाना नसताना ही माणसे इतकी वर्षे निभावली कशी आणि आताच त्यांचा निभाव का लागेनासा झाला, याचे उत्तर, माझ्या मते, मनोविकारशास्त्रात जितके आहे तितकेच आपल्या पालटलेल्या लोकव्यवहारात आहे. जुन्या कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळणाऱ्या कारकुनाकडून कोणी प्रसन्न मुद्रेची अपेक्षा करीत नसे. कागद आला की त्यावर क्रमांक पडावा, गोषवारा उतरावा आणि तो ज्याच्या त्याच्या टेबलाकडे रवाना व्हावा, एवढे झाले की त्याचे कर्तव्य संपले, आणि साहेबांपुढे काय नि कसे बोलावे हेही शिरस्त्यानेच ठरलेले असे. घरचा कारभारही याहून वेगळा नव्हता. विहिणीला कोणत्या शब्दांत पानावर बसवावे, कोणाच्या पाया आधी पडावे, निघताना काय म्हणावे, हे पिढ्यांनी घालून दिलेले असल्यामुळे ज्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरून भाव उमगत नसे, त्यालाही रीत पाळून सुटता येई.

आमच्या नात्यातील एक मावशी प्रत्येक कार्यात कोठीचा ताबा आपणहून मागून घेत. बाहेर सनई आणि पोरांचा कल्लोळ चाललेला असताना त्या दार लोटून आत नारळ, सुपाऱ्या, खण मोजीत, कोणी काय नेले त्याचे टिपण ठेवीत, आणि आचाऱ्याने न सांगता तुपाचा डबा उचलला तर त्यांच्या हातांना कापरे भरे. ‘मावशी मोठ्या शिस्तीच्या’ असा त्यांचा लौकिक होता. त्या स्वमग्न होत्या असा निवाडा मी देणार नाही. दिवंगतांचे निदान करीत बसणे हा एक उथळ छंद आहे. परंतु कोठीचे दार लोटून घेण्याची मुभा त्यांना मिळाली ती वडीलकीच्या नात्याने. नवी सून असताना हेच करत्या, तर घुमी, शिष्ट, माणूसघाणी यांपैकी एखादे बिरुद त्यांना जन्मभर चिकटले असते. जुन्या शिरस्त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये की, त्याचा आसरा अधिकार पाहून मिळे. कॅनर यांच्या लेखातला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपीतल्या फॉरेस्ट या लहानशा गावात राहिला, बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, जगभर प्रवास केला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. मात्र ती बँक त्याच्या आईच्या माहेरच्यांची होती.

आता तो शिरस्ताही राहिला नाही आणि बारनिशीही. भिंती नसलेल्या दालनात दिवसभर बसावे, बैठकीत आयत्या वेळी मत द्यावे, आणि ‘सहकाऱ्यांशी मिळूनमिसळून वागतो काय’ या प्रश्नाला वार्षिक अहवालात गुण असावेत, अशी व्यवस्था आली, तेव्हा आजवर रीतीच्या आड झाकलेली अडचण उघडी पडली. कित्येकांना तर ही ओळख स्वतःच्या अपत्याच्या निमित्ताने पटते: मुलाच्या तपासणीची प्रश्नावली भरताना बापाच्या लक्षात येते की, आपण मुलाऐवजी आपलीच उत्तरे देत आहोत.

यावर आक्षेप असा की, ज्याला त्याला हल्ली काही ना काही नाव हवे असते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. बुजरेपणा, चिंतारोग, बालपणीचा आघात यांची बाह्य लक्षणे पुष्कळदा अशीच दिसतात, म्हणून जाणत्या तज्ज्ञाचे मत घेणे इष्टच. तथापि त्या मार्गातली अडचण निराळी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. दाखल्यासाठी आपल्याकडे जी भारतीय मापनश्रेणी वापरतात तिच्यात ४० बाबी असून, एकूण गुण ७० हून कमी भरले तर स्वमग्नता नाही असे ठरते. ज्याने जन्मभर लोकांच्या लकबी पाहून, घोकून, आरशासमोर गिरवून उचलल्या, त्याचे वर्तन या मापात उणे उतरण्याचाच संभव अधिक; त्या गिरवण्यात त्याची किती शक्ती खर्ची पडली, हे त्यात नोंदले जात नाही. शिवाय लक्षणे बालपणापासून असल्याची साक्ष लागते, आणि साक्ष देणारे आईबाप हयात नसतात. म्हणून सरकारी दाखला आणि स्वतःची ओळख ही दोन प्रकरणे वेगळी ठेवावीत, हे बरे. पहिल्याला पुरावा हवा. दुसरीला प्रामाणिक उजळणी पुरते, मात्र तिच्या बळावर इतरांकडून सवलती हक्काने वसूल करता येत नाहीत, मागून घ्याव्या लागतात.

माझ्यापुरते सांगायचे तर, कोणालाही फोन करण्यापूर्वी मी पाकिटाच्या पाठीवर आपली वाक्ये आणि पलीकडून येऊ शकणारी उत्तरे लिहून काढीत असे, आणि पलीकडच्याने भलतेच काही विचारले की, ‘बरं, बरं’ म्हणून फोन ठेवून देत असे. लोक याला तुसडेपणा म्हणत आणि मीही तेच मानीत आलो होतो. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली असे प्रतिपादन केले की, स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे अर्धेच झाले, इतरांनाही त्याचे कळत नसते. हे वाचल्यावर मी परिचितांना सरळ कळवून टाकले की, काम असल्यास लिहून पाठवा, उत्तर त्याच दिवशी मिळेल. बहुतेकांना त्यात सोयच वाटली. एक मेहुणे तेवढे रुसले. ते माझ्या प्रत्येक पत्राचे उत्तर अजून फोनवरूनच देतात.