पुढचा भाग कोण लावतं?

शुक्रवारी रात्री नऊला मी ताट घेऊन टीव्हीसमोर बसतो. या आठवड्यात नवीन काहीतरी बघायचं, असं ठरलेलं असतं. एक ट्रेलर बघतो, मग दुसरा. हे जड वाटतंय, आज नको. ते सगळे बघतायत, पण तीन सीझन कोण बघणार? तोवर वरणभात गार होतो, जेवण संपतं, आणि शेवटी मी ‘फ्रेंड्स’चा आधी चारदा पाहिलेला भाग लावतो. हसूही तेच, हसायच्या जागाही त्याच.

यात नैतिक प्रश्न कसला, असं मलाही वाटायचं. बाबांच्या एका फोनमुळे तो पडला. पण त्याआधी माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्या अ‍ॅपवर लोक व्हिडिओ बघतात आणि त्यांनी ते बघत राहावं, हे आमच्या टीमचं काम. या धंद्यातली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं होतं. कोणता प्रेक्षक कोणत्या सिनेमाला किती तारे देईल, याचा अंदाज त्यांच्या प्रोग्रॅमपेक्षा दहा टक्के अचूक करून दाखवायचा. २००९ मध्ये एका टीमने ते जिंकलं. आणि २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने तारेच काढून टाकले, त्या जागी अंगठा आणला. एक कारण असं की लोक माहितीपटांना भरभरून तारे द्यायचे आणि प्रत्यक्षात हलकेफुलके सिनेमे बघत बसायचे.

आम्ही इंजिनीअर यातून एकच धडा घेतो: माणूस काय म्हणतो ते सोडा, काय करतो ते मोजा. तारे खोटे, क्लिक खरं. मीही कित्येक वर्षं हेच मानत होतो.

हॅरी फ्रँकफर्ट नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाचा १९७१ मधला एक निबंध वाचला आणि हे गणित जरा हललं. तो म्हणतो, इच्छा दोन पायऱ्यांच्या असतात. पहिल्या पायरीवर मला अमुक हवं असतं. दुसऱ्या पायरीवर, मला काय हवंसं वाटावं, याचीही एक इच्छा असते. सोपं उदाहरण गजराचं. रात्री साडेपाचचा गजर लावणारा मीच आणि सकाळी तो बंद करून पांघरूण ओढणारा मीच. फ्रँकफर्टच्या मते ही दुसरी पायरी असणं, हेच माणूसपणाचं लक्षण.

आता ताऱ्यांकडे परत बघा. माहितीपटाला पाच तारे देणारा माणूस खोटं बोलत नव्हता. आपण कोण व्हावं, याबद्दलचं त्याचं मत तो नोंदवत होता. तारे दुसऱ्या पायरीचे होते, क्लिक पहिल्या पायरीचं. आम्ही दुसरी पायरी मोजायचं थांबवलं, कारण तिच्यावरून रात्री अकराला हा माणूस काय लावेल ते सांगता येत नाही. आमचं यंत्र गजर बंद करणाऱ्या माणसाला पक्कं ओळखतं. गजर लावणारा त्याला दिसतच नाही.

यावर माझ्या रूममेटचा आक्षेप असा: ‘दिवसभर क्लायंटच्या शिव्या खाऊन आल्यावर मी डोकं बाजूला ठेवून काहीतरी बघितलं तर तुझ्या फ्रँकफर्टच्या पोटात का दुखतंय?’ आक्षेप बरोबर आहे. शिवाय दुसरी पायरीही बऱ्याचदा उसनीच असते. ‘डार्क’ ही जर्मन मालिका मी पहिल्यांदा बघितली ती कॅन्टीनमध्ये गप्प बसावं लागू नये म्हणून. कोण कोणाचा बाप, हे समजायला वहीत वंशावळ काढली, आणि बघताना सगळं लक्ष ‘मला हे कळतंय ना’ याकडे. ती निवड तरी माझी कुठे होती?

म्हणजे मालिका उच्च की उथळ, ही कसोटी चालत नाही. मला पटलेली कसोटी साधी आहे: दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हो, ते मी ठरवून बघितलं’ असं म्हणता येतं का? थकून, ठरवून लावलेलं ‘फ्रेंड्स’ यात पास होतं. चाळीस मिनिटं शोधून, हरून लावलेलं नापास होतं. भाग तोच असला तरी.

आता बाबा. आई गेल्यापासून ते कराडला एकटे असतात. गेल्या वर्षी मीच त्यांना टॅबलेट घेऊन दिला. एके सकाळी फोनवर म्हणाले, “अरे, काल अडीच वाजले, कळलंच नाही. एक संपलं की दुसरं आपोआप लागतं.” मी ‘हं’ म्हणालो आणि विषय बदलला. कारण आमच्या अ‍ॅपमध्ये पुढचा व्हिडिओ सुरू व्हायच्या आधीचे दहा सेकंद पाचवर आणणारा कोड मी लिहिला होता. आकडा वर गेला होता. अप्रेझलमध्ये त्याचा खास उल्लेख झाला होता. बाबा बघत होते ते अ‍ॅप आमचं नव्हतं. पण युक्ती तीच.

पुढच्या वेळी कराडला गेलो तेव्हा बाबा अंघोळीला गेल्यावर मी ते आपोआप लागणं बंद करून टाकलं. आठवड्याने त्यांचा फोन: “टॅबलेट बिघडला वाटतं. पुढचा भाग लागत नाही.” मी खरं काय ते सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग मला विचारायचं नाही का? मी काय लहान आहे?”

ते मला लागलं, कारण ते बरोबर होतं. पाच सेकंदांचा कोड लिहिताना मी हजारो लोकांना विचारलं नव्हतं आणि तो उलटा फिरवताना बाबांना विचारलं नाही. एकदा कंपनीसाठी आणि एकदा प्रेमापोटी, पण दोन्ही वेळा त्यांच्या दुसऱ्या पायरीवर मीच जाऊन बसलो होतो.

“परत चालू करू का?” मी विचारलं. ते म्हणाले, “नको, राहू दे. आता बटण दाबताना घड्याळाकडे बघतो. कधी झोपतो, कधी बघतोच.”

मी आता गुरुवारी दुपारी, डोकं ताजं असताना, मोबाईलवर तीनच नावं लिहून ठेवतो. प्रत्येक नावापुढे कुणी सुचवलं आणि का, तेही. शुक्रवारी त्यांतलं एक लावायचं, दोन भाग बघायचे, नाही जमलं तर अपराधी न वाटता सोडायचं. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्येच सुचवलं होतं की सर्वोत्तमाच्या मागे न लागता आधी अट ठरवावी आणि ती पुरी करणारं पहिलं घ्यावं. मालिकांना हे छान लागू पडतं.

ऑफिसात मी एका मीटिंगमध्ये म्हणालो, पहिल्याच दिवशी वापरणाऱ्याला विचारू या की पुढचा व्हिडिओ आपोआप लावायचा का. कुणी विरोध केला नाही. तिकीट तयार झालं. सहा महिने ते यादीच्या तळाशी पडून आहे, आणि ते वर आणण्यासाठी मी अजून भांडलेलो नाही. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही.