फजितीचा न्याय

मनुष्याच्या फजितीला हंसावें कीं हंसूं नये, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत क्वचितच आढळतो. पण घरोघरीं तो रोज उपस्थित होतो, आणि तोहि बहुधा स्वयंपाकघरांत. गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांत आपल्या चुलीच्या राज्यांत जितक्या क्रांत्या झाल्या, तितक्या राजवाड्यांतहि झाल्या नसतील. चुलीशेजारीं स्टोव्ह आला, स्टोव्हला गॅसनें हुसकून लाविलें, आणि मागोमाग कुकर, मिक्सर, न चिकटणारा तवा, मायक्रोवेव्ह भट्टी व इंडक्शन शेगडी अशी नवी मंडळी ओट्यावर येऊन बसली. यांपैकीं प्रत्येक पाहुण्यानें घरांत पाऊल टाकतांच कोणाची ना कोणाची फजिती केली आहे. ती गोष्ट पुढें मुंजीच्या पंगतींत, दिवाळीच्या फराळाला पुन्हां पुन्हां सांगितली जाते. सांगणारा रंगून सांगतो, ऐकणारे पोट धरून हंसतात. आणि जिची ती गोष्ट असते, ती बाई पदराआड हंसते, अथवा कांहीं निमित्त काढून आंत निघून जाते. ती आंत कां जाते, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

या फजित्यांचें कारण विचारलें, तर ‘अज्ञान’ असें एका शब्दांत उत्तर मिळतें. बाईला कळत नव्हतें म्हणून घोटाळा झाला. कळत नव्हतें तर हात कशाला लावावा, हा त्यावरचा उपदेश. आमच्या मतें हें निदान बरोबर नाहीं. ज्याला स्वयंपाकांतलें कांहींच ठाऊक नाहीं, तो नव्या यंत्राजवळ भीत भीत जातो आणि सहसा सुखरूप परत येतो. फसतो तो सवयीचा हात. त्या हातांत ज्ञान भरपूर असतें. फक्त तें दुसऱ्या भांड्याचें असतें.

न चिकटणाऱ्या तव्याचेंच उदाहरण घ्या. त्याच्यावरील गुळगुळीत थर ज्या द्रव्याचा असतो, तें रॉय प्लंकेट नांवाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञास १९३८ सालीं केवळ योगायोगानें सांपडलें. एका घरीं असा तवा सुनेनें हौसेनें आणला. सासूबाईंनीं तो पाहिला, आणि इतका काळाकुट्ट तवा आपल्या घरांत आहे याचीच त्यांस लाज वाटली. राख, चिंच आणि काथ्या घेऊन त्या तीन दिवस त्याच्या मागें लागल्या, आणि चौथ्या दिवशीं आंतला पांढरा धातु चमकूं लागल्यावर त्यांनीं तो मोठ्या विजयानें सुनेपुढें ठेविला. यांत हंसण्यासारखें नाहीं असें कोण म्हणेल? परंतु पितळेचीं आणि तांब्याचीं भांडीं ज्यांनीं जन्मभर काजळींतून काढून आरशासारखीं लखलखीत केलीं, त्यांच्या शास्त्राप्रमाणें त्यांचें वागणें निर्दोष होतें. ज्या गुणाबद्दल त्यांची चार घरांत वाखाणणी होत असे, त्याच गुणानें तवा मारला.

प्रेशर कुकरची गोष्टहि तशीच. डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकानें १६७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीला घट्ट झांकणाचें एक पात्र दाखविलें. त्यांत हाडेंसुद्धां मऊ शिजत. वाफ कोंडली कीं पाण्याचा उत्कलनबिंदु वाढतो, आणि आपल्या घरगुती कुकरांत तो शंभर अंशांऐवजीं सुमारें एकशेंवीस अंशांपर्यंत जातो. म्हणून डाळ लवकर शिजते. पण आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करण्याची चाल. झांकण उघडावें, पळीनें दोन शितें काढावीं, बोटानें दाबून पाहावीं, ही सुगरणीची खूण. कुकरनें तिच्याकडून डोळा, बोट आणि नाक हीं तिन्हीं काढून घेतलीं आणि शिट्ट्या मोजण्यापुरता एक कान तेवढा ठेविला. मग कोणी बाईनें ‘जरा पाहूं तरी’ म्हणून उलथन्याच्या टोंकानें शिट्टी उचलली आणि वरणाची नक्षी छतावर उमटली, तर तो अडाणीपणा म्हणावा, कीं परीक्षा केल्यावांचून पानांत वाढूं नये या जुन्या सचोटीचा उद्रेक म्हणावा?

पुणें जिल्ह्याच्या उत्तरेस जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांत पारगांव या नांवाचीं एकाहून अधिक गांवें आहेत. त्यांपैकीं आंबेगांव तालुक्यांतील पारगांवीं भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. त्या बाजूच्या एका शेतकरी कुटुंबांत घडलेला प्रसंग आमच्या ऐकण्यांत आहे. नातवानें इंडक्शन शेगडी आणली. आजीनें कल्हई केलेलें पितळेचें पातेलें तिच्यावर ठेविलें आणि चहाचें आधण चढविलें. पाणी कांहीं तापेना. आजीनें खालून वांकून पाहिलें, शेगडीवर हात ठेवून पाहिला आणि शेवटीं न्हाणीघराच्या चुलीजवळची फुंकणी घेऊन ती परत आली. घरांत हंशाचा कल्लोळ उडाला. “अरं, पर जाळ हाय तरी कुठं?” असें ती विचारीत होती, आणि नातू म्हणत होता, “आजी, तूं हात लावूं नकोस त्याला!”

सर्वांच्या हंसण्यांत एक गोष्ट कोणाच्या ध्यानीं आली नाहीं. आजीचा प्रश्न हाच त्या खोलींतला एकमेव शास्त्रीय प्रश्न होता. जाळ कोठें आहे? इंडक्शन शेगडींत जाळ नसतोच. तिच्या कांचेखालीं तारेचें वेटोळें असतें. त्यांतून वेगानें दिशा बदलणारा विजेचा प्रवाह वाहतो, आणि मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं शोधून काढलेल्या नियमानुसार वरील भांड्याच्या बुडांतच प्रवाह उत्पन्न होऊन तें बूड तापतें. लोहचुंबक ज्यास चिकटतो असें बूड तिला मानवतें. नेहमींच्या घरगुती शेगडीवर पितळ, तांबें आणि अ‍ॅल्युमिनियम यांची डाळ शिजत नाहीं. नातवास यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें. त्यास नियम ठाऊक होता, कारण ठाऊक नव्हतें; आणि तरी हंसण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे होता.

पुढें त्या आजीच्या धाकट्या मुलानें बिघडलेल्या रेडिओच्या कर्ण्यांतला लोहचुंबक काढून तिच्या हातीं दिला आणि काय चिकटतें व काय चिकटत नाहीं तें दाखविलें. आजीनें सबंध मांडणीची त्या दिवशीं झडती घेतली. भांड्यांचे दोन ढीग झाले. मग ती म्हणाली, “म्हंजी भांडंच चूल झालं म्हणायचं.” आमच्या महाविद्यालयांतील विज्ञानाच्या अध्यापकांस हें वाक्य आम्हीं सांगितलें, तेव्हां याहून सोपी व्याख्या आपल्यालाहि करतां येणार नाहीं असें त्यांनीं कबूल केलें.

अशी फजिती केवळ आजींचीच होते असा समज असेल, तर तो दूर करावयास हवा. याच भागांत, नारायणगांवाजवळ खोडद येथें, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. आकाशांतून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपावयाच्या, तर भोंवतालीं मानवी यंत्रांचा गोंगाट कमी पाहिजे. या भागाची निवड होण्याचें तें एक कारण. असल्याच कामाची चौसष्ट मीटरची एक जुनी दुर्बीण ऑस्ट्रेलियांत पार्क्स येथें आहे. तिला १९९८ सालापासून अधूनमधून क्षणभर चमकून जाणारे कांहीं विचित्र संकेत मिळत. दूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या स्फोटांसारखेच ते दिसत, पण ते कामाच्या दिवशीं, कामाच्या वेळींच येत. शास्त्रज्ञांनीं त्यांस एका काल्पनिक प्राण्याचें नांव दिलें आणि २०११ सालीं त्यांवर निबंधहि लिहिला. अखेर २०१५ सालीं शोध लागला, तो असा: संस्थेंतील कोणी तरी मायक्रोवेव्ह भट्टीची वेळ पुरी होण्यापूर्वींच तिचें दार ओढून उघडी, आणि भट्टी बंद पडतांना त्या क्षणीं निसटलेल्या लहरी दुर्बिणींत शिरत.

म्हणजे झालें काय? अन्न तापलें कीं नाहीं, हें झांकण उघडून पाहण्याची मानवजातीची पुरातन खोड विद्वानांच्या स्वयंपाकघरांतहि सुटली नव्हती. पार्क्सच्या पंडितांची फजिती आणि शिट्टी उचलणाऱ्या बाईची फजिती, या दोहोंचें कुळ एकच. पण त्या दोहोंना मिळालेला न्याय पाहा. पार्क्सच्या गोष्टीला जग हंसलें, परंतु तें त्या मंडळींबरोबर हंसलें. त्यांनीं मुद्दाम पुन्हां पुन्हां दार उघडून पाहिलें, कारण शोधलें, तें नांवानिशीं प्रसिद्ध केलें. आणि खरे दूरचे संकेत कोणते व खोटे कोणते, हें ओळखण्यास त्या फजितीचा उपयोगच झाला. आपल्या घरांतील बाईला मात्र कारण कोणी सांगत नाहीं; तिला ‘हात लावूं नकोस’ एवढेंच सांगतात. तिकडे चुकीचें ज्ञान होतें, आणि इकडे त्याच चुकीची टोपणनांवासारखी कायमची खूण होऊन बसते.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रत्येक यंत्राबरोबर छापील पुस्तिका येते. ती न वाचणें हा दोष नव्हे काय? दोष आहे, पण तो किती आणि कोणाचा, हें पाहिलें पाहिजे. पुस्तिकेचीं अक्षरें मुंगीएवढीं, भाषा बहुधा परकी. आणि मुख्य म्हणजे तींत ‘हें करूं नका, तें करूं नका’ अशी निषेधांची माळ असते, कारण कशाचेंच नसतें. पारगांवच्या बाजूचीच तुलना देतां येईल. साखर कारखान्यांत रसाचा पाक ज्या पात्रांत शिजवितात, त्यांतील हवा काढून दाब कमी केलेला असतो. त्यामुळें पाक कमी उष्णतेवर उकळतो आणि करपत नाहीं. कुकरच्या तत्त्वाच्या हें नेमकें उलट आहे. त्या पात्रावर उभा राहणारा पॅनमन जाणत्या माणसाच्या हाताखालीं बरेच दिवस राहून तयार होतो. पहिल्याच दिवशीं पात्र त्याच्या हवालीं करून, तो चुकल्यावर हंसावें असें कोणत्याहि कारखान्यांत करीत नाहींत. मग कोंडलेल्या वाफेचें पात्र घरांतल्या बाईपुढें खोक्यांतून काढून ठेवावयाचें, आणि संध्याकाळीं तिच्या फजितीची गोष्ट रंगवावयाची, हें कोणत्या न्यायाचें?

तर मग हंसूंच नये काय? आमचें तसें म्हणणें नाहीं; ज्या घरांत कोणी कोणास हंसत नाहीं, तें घर राहण्यास फार कठीण. एक प्रकारची फजिती तर हंसण्यासाठींच जन्मास येते: ती अहंकाराची. आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त गृहस्थ नवा मिक्सर आल्यावर पुस्तिका मोठ्यानें वाचून दाखवीत घरांतील स्त्रियांचा वर्ग घेऊं लागले. गरम पदार्थ भांडें भरून घालूं नये, हें कलम त्यांनीं दोनदां वाचलें. आणि वर्गाच्या शेवटीं प्रात्यक्षिक म्हणून उकळतें टोमॅटोचें सार त्यांत कांठोकांठ ओतून कळ दाबली. कोंडलेल्या वाफेनें झांकण उडविलें आणि व्याख्यात्यांचा पांढरा सदरा क्षणांत केशरी झाला. येथें हंसणें हा न्यायच होय. कारण येथें ज्ञान हातीं असून फक्त दुसऱ्याला शिकविण्यापुरतें वापरलें गेलें.

परंतु जी फजिती श्रद्धेनें केलेल्या कामाची आहे, तिच्यावरचें हंसूं सैल सोडण्यांत एक धोका आहे, आणि तो वाटतो तितका लहान नाहीं. तीच गोष्ट वर्षानुवर्षें सांगत राहिलें कीं तिचा समज बनतो: बायकांना यंत्रांतलें कळत नाहीं. हा समज काय काय झांकूं शकतो, याची साक्ष स्टोव्हच्या इतिहासांत आहे. हवा भरून पेटवावयाचा रॉकेलचा स्टोव्ह स्वीडनमध्यें १८९२ च्या सुमारास निघाला आणि आपल्याकडे घरोघर पसरला. त्याचे खरे अपघात पुष्कळ झाले, यांत शंका नाहीं. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हें वाक्य वर्तमानपत्रांत इतक्या वेळां आणि इतक्या नवविवाहित मुलींच्या बाबतींत येऊं लागलें कीं, त्यामागें हुंड्याचा छळ दडलेला असतो हें समाजाला मान्य करावें लागलें. १९८३ सालीं दंडविधानांत ४९८-अ हें कलम आलें, आणि १९८६ सालीं हुंडाबळीचें ३०४-ब हें कलम. तत्पूर्वीं कित्येक घरांत ‘तिला स्टोव्ह पेटविण्याची संवय नव्हती’ एवढें सांगणें पुरेसें होत असे. आणि ऐकणाऱ्यांना तें खरें वाटे, कारण बाईच्या हाताच्या धांदरटपणाच्या गोष्टी ऐकत ऐकतच ते लहानाचे मोठे झाले होते. पंगतींतल्या विनोदानें कोणाचा जीव घेतला, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जीव घेणाऱ्यांस जी सबब लागली, ती तयार होण्यास त्या विनोदाचा हातभार लागला, हें नाकारतां येत नाहीं.

म्हणून आमचें मागणें अगदीं साधें आहे. घरांत नवें यंत्र आणणाऱ्यानें त्याच्याबरोबर त्याचें कारणहि आणावें. घरांतल्या वडील बाईनें प्रश्न विचारला, तर तो अडाण्याचा प्रश्न न समजतां शोधकाचा प्रश्न समजावा, आणि उत्तर येत नसेल तर दोघांनीं मिळून शोधावें. फजिती झालीच, तर अवश्य हंसावें. पण पंगतींत ती गोष्ट दुसऱ्यांदा सांगतांना तिचें कारणहि सांगावें, म्हणजे ऐकणारास शेगडीविषयीं कांहीं कळेल आणि जिची ती गोष्ट आहे, तिला पानावरून उठून आंत जावें लागणार नाहीं. चाळीस वर्षें ज्या हातांनीं आपणांस जेवूं घातलें, ते एका दिवसांत मूर्ख झालेले नसतात. त्यांच्यापुढचें भांडें तेवढें बदललेलें असतें, आणि तें आपणच बदललेलें असतें.