चिऊताईचे दार

आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली पहिली गोष्ट म्हणजे चिऊ-काऊची. काऊचे घर शेणाचे; ते पावसात वाहून गेले. चिऊचे घर मेणाचे, ते टिकले. भिजलेला काऊ चिऊच्या दारात आला, पण चिऊताई दार उघडेना. कधी बाळाला आंघोळ घालायची असे, कधी त्याला तीट लावायची असे. घास भरवता भरवता आई-आजीने सांगितलेल्या या गोष्टीतून आपण शिकलो की, आळस करू नये, घर पक्के बांधावे. शिकवण चांगलीच आहे. पण काऊ किती वेळ भिजत उभा होता, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

इसापाच्या मुंग्यांची गोष्टही अशीच. उन्हाळाभर गाणारा किडा हिवाळ्यात अन्न मागायला येतो आणि मुंग्या त्याला हसून परत पाठवतात. 1593 साली जपानमधील अमाकुसा येथे येशूसंघीयांच्या छापखान्यात इसापाच्या कथा जपानी भाषेत छापल्या गेल्या. त्या पुस्तकातही मुंग्या त्या किड्याची भरपूर थट्टा करतात. पण शेवटी त्याला थोडेसे अन्न देऊनच परत पाठवतात. गोष्ट तीच, कष्टाचे मोलही तेवढेच. फक्त दयेलाही थोडी जागा मिळाली.

मग जुन्या गोष्टी बदलून सांगायच्या का? तशी गरज नाही. गोष्टीचे बळ शेवटी सांगितलेल्या तात्पर्यात नसते. ऐकणारा त्या गोष्टीत स्वतःला कुठे पाहतो, यावर ते अवलंबून असते. दावीद राजाने उरीयाला मारवून त्याची पत्नी आपलीशी केली, तेव्हा नाथान संदेष्ट्याने त्याला उपदेश केला नाही. गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. दावीद संतापला. मग नाथानने त्याला सांगितले की, तो माणूस तूच आहेस. उपदेश दावीदने कदाचित टाळला असता. गोष्टीने त्याला स्वतःच्याच तोंडून न्याय द्यायला लावला.

आपणही चिऊ-काऊची गोष्ट ऐकताना नेहमी चिऊच्या बाजूने असतो. धंद्यात बुडालेला भाऊ किंवा व्यसनाने घर घालवलेला शेजारी दारात आला की, 'त्याने आधीच विचार करायला हवा होता' असे आपण सहज म्हणून जातो. ते खोटेही नसते. शिवाय चिऊच्या घरात पिल्ले आहेत, त्यांची जबाबदारी खरी आहे. दार वाजवणाऱ्या प्रत्येकाला घर मोकळे करून देता येत नाही, हेही मुलांना कळायला हवे.

येथे प्रभू येशूने सांगितलेला शोमरोनी माणसाचा दाखला वाट दाखवतो. त्या शोमरोन्याने आपला प्रवास कायमचा सोडून दिला नाही. त्याने जखमा बांधल्या, जखमीला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी मालकाला दोन दिनार दिले, जास्त खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले आणि तो पुढे गेला. सर्वस्व देणे आणि दार बंद ठेवणे यांच्यामध्ये बरेच काही करता येते. मुंग्यांचे थोडेसे अन्न आणि शोमरोन्याचे दोन दिनार आपल्याला हेच सांगतात.

या आठवड्यात घरातल्या लहानग्यांना एखादी गोष्ट सांगू या. शेवटी तात्पर्य सांगायची घाई मात्र नको. 'तू चिऊ असतास तर काय केले असतेस? आणि काऊ असतास तर?' एवढेच विचारू या. मूल काय उत्तर देते ते शांतपणे ऐकू या आणि तोच प्रश्न स्वतःलाही विचारू या.