चुकल्या नेमाचे मोल

दिवाळीच्या सुटीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. धाराशिवहून येडशीकडे जाताना बालाघाटाचा जो डोंगर लागतो, त्याच्या पायथ्याशी त्याची शेती आहे. रानडुकरांनी त्याच्या भुईमुगाची व उसाची धूळधाण केली होती. शिवाय महाविद्यालयात जडलेला निशाणेबाजीचा नादही सुटला नव्हता. पीकरक्षणासाठी शस्त्रपरवाना मिळण्याचा संभव दिसताच त्याने विचारले, "सर, .२२ घेऊ की .३१५?" आमचा बंदुकीशी संबंध एन. सी. सी.तील .२२ रायफलीपुरता, हयात गेली ती नीतिशास्त्र शिकविण्यात. तरीही हा प्रश्न बंदुकीच्या दुकानापेक्षा आमच्याच वर्गात अधिक शोभणारा आहे, असे आम्हांस वाटले.

हे आकडे म्हणजे इंचात सांगितलेले नळीचे माप होय. एक सुमारे साडेपाच मिलिमीटर, दुसरे आठ. फरक दिसावयास क्षुल्लक. परंतु पहिलीची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, तर दुसरीची जवळजवळ सोळा ग्रॅमची, आणि वेगही सुमारे दुप्पट. .३१५ या मापाचा जन्मही उद्‌बोधक आहे. ब्रिटिश अमदानीत सैन्याची .३०३ काडतुसे खाजगी बंदुकांत चालू नयेत म्हणून ते माप नागरिकांस मना झाले, आणि त्याच्या जागी हे रूढ होऊन पुढे ईशापूरच्या कारखान्यात अशा रायफली बनू लागल्या. माप ठरले ते राज्यकर्त्यांच्या सुरक्षिततेसाठी. ज्याच्या अंगात गोळी शिरावयाची, त्या जनावराचा विचार त्यात नव्हता. तो विचार बंदूक घेणाऱ्यानेच केला पाहिजे.

निशाणेबाजीपुरते उत्तर सोपे आहे. पन्नास मीटरांवरील लक्ष्यात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरांचे असते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले ते याच अंतरावर, .२२ मापाच्या रायफलीने. तिचा धक्का सौम्य, काडतूस स्वस्त; हात घडविण्यास तिच्याइतका चांगला गुरू नाही. येथे नेम चुकला तर गुण जातात, आणि जातात ते नेमबाजाचेच. जो चुकतो तोच भोगतो. यात अन्याय कोणावरही नाही.

शिकारीत हा हिशेब उलटा होतो. चूक माणसाची आणि भोग जनावराचा. जाड कातडीच्या डुकरास .२२ ची गोळी लागली तर ते बहुधा जागीच मरत नाही. उसात शिरते आणि कदाचित कित्येक दिवस तडफडते. मारणाऱ्यास ते दिसतही नाही, म्हणून त्याची झोपही मोडत नाही. यावर कोणी म्हणेल, आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, ते बहुतांशी .२७५ सारख्या लहान मापाने. खरे आहे. परंतु बेलने हत्तीच्या देहरचनेचा अभ्यास केला होता. अपवादात्मक पुरुषास जे साधले, त्याचा परवाना आपण स्वतःस देऊ नये. तथापि मोठ्या मापातही एक मोह आहे. बळ नेमाची उणीव भरून काढील, असे ते मनास सांगते; आणि धक्क्याच्या भीतीने चाप ओढतानाच हात हलतो. पोटात लागलेली मोठी गोळीही दयाळू नसते.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. डुकरे येतात रात्री, आणि आमच्याकडे शेतीची वीजही पुष्कळदा रात्रीच येते. उसात खसखसते ते डुक्कर, की पाण्याचे बारे धरावयास आलेला शेजारी? दशरथाच्या हाती धनुष्य उत्तम होते व नेमही अचूक होता. श्रावण मेला तो या दोहोंच्या उणिवेमुळे नव्हे, तर न पाहता सोडलेल्या बाणामुळे. रायफलीची गोळी तर, लहान मापाची असली तरी, मैलभर जाऊ शकते. सपाट माळावर तिला अडविणार कोण?

शिकारीचा शौक १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपविला, हे बरेच झाले. उभ्या पिकाची नासाडी करणारी काही जनावरे अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मारता येतात, एवढीच वाट उरली आहे. ज्याचे वर्षाचे अन्न एका रात्रीत उकरले जाते, त्यास आम्ही पुस्तकातील अहिंसा ऐकविणार नाही. आम्ही त्यास एवढेच सांगितले : "कागदावर नेम धरावयाचा तर .२२ घे. मारण्यावाचून गत्यंतर नसेल व रीतसर परवानगी असेल, तर .३१५ हेच योग्य. पण त्याआधी लहान बंदुकीवर हात बसव. आवाजावर कधी चाप ओढू नकोस. आणि जनावर जखमी होऊन गेले, तर त्याचा माग काढल्याशिवाय घरी परतू नकोस."

तो म्हणाला, "सर, रात्रीच्या अंधारात जखमी डुकराच्या मागे जायचे म्हणजे जिवाशी गाठ!"

खरे आहे. ते धैर्य आपल्या ठायी नसेल, तर त्या रात्री गोळी न झाडणेच योग्य. आपल्या चुकीचे मोल स्वतः देण्याची ज्याची तयारी नाही, त्याच्या हाती कोणत्याच मापाची बंदूक शोभत नाही.