जादा पेट्रोल येतं कुठून?

इंजिनाला पेट्रोल कमी पडलं की ते लगेच बोंब मारतं. अडखळतं, कार्ब्युरेटरमधून फटाके वाजवतं, पिकअप देत नाही. पेट्रोल जास्त झालं तर मात्र बराच काळ मुकाट चालत राहतं. सायलेन्सरचं टोक काळवंडतं, धुराने डोळे चुरचुरतात, प्लगवर कोरडी काजळी धरते. आत न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली उतरून उरलेलं ऑइल पातळ करतं. भर वेगात कमी पेट्रोलने पिस्टन वितळू शकतो, हे खरंच. पण ती भीती सगळ्यांना असते. जास्तीची कुणाला वाटत नाही.

१९६९ची शेवरोले कॅमेरो झेड-२८ घ्या. अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम शर्यतींच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसणारं ३०२ घनइंचांचं इंजिन आणि त्यावर मिनिटाला ७८० घनफूट हवा ओढू शकणारा, चार बॅरलचा होली कार्ब्युरेटर. अशी गाडी उभ्या जागी काळा धूर टाकू लागली की हात आधी जेटकडे जातो. लहान जेट घातला जातो. पण आयडलिंगचं मिश्रण ठरतं वेगळ्याच वाटेवर. म्हणून धूर होता तसाच राहतो आणि रस्त्यावर जोर काढताना इंजिन उपाशी पडतं.

आधी ठिणगी तपासावी; ती कमजोर असली तरी प्लग काळेच निघतात. मग पेट्रोलची पातळी. होलीच्या पेट्रोलच्या वाटीला बाजूला एक स्क्रू असतो. खाली फडकं धरून तो काढला, की पेट्रोल भोकाच्या खालच्या काठाला जेमतेम टेकलेलं दिसायला हवं. बाहेर वाहू लागलं, तर फ्लोट बिघडलाय, सुईखाली कचरा अडकलाय किंवा पंपाचा दाब सात पौंडांच्या वर गेलाय. पातळी बरोबर असेल तर आयडलिंगचे मिश्रणाचे स्क्रू पूर्ण आत फिरवावेत. इंजिन बंद पडायला हवं. नाही पडलं, तर पेट्रोल दुसरीकडून येतंय.

ती दुसरी वाट बहुधा पॉवर व्हॉल्व्हची. इंजिनावर जोर आला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो, आणि तो ठरलेल्या आकड्याखाली, समजा पाऱ्याच्या साडेसहा इंचांखाली गेला की हा व्हॉल्व्ह उघडून जादा पेट्रोल सोडतो. बॅकफायरने त्याचा पडदा फाटतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण पडदा धड असूनही घोटाळा होतो. शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवलेल्या इंजिनाचा व्हॅक्यूम आयडलिंगलाच इतका कमी असतो, की गाडी उभी असतानाही व्हॉल्व्हला ती घाट चढतेय असंच वाटतं. बिचारा इमानाने पेट्रोल ओतत राहतो. कायम ताणाखाली वावरणारा माणूस सुट्टीच्या सकाळीही दात आवळून बसलेला असतो, तसंच हे. त्याला रागवून काही होत नाही. व्हॅक्यूम गेज लावून आयडलिंगचा आकडा बघायचा आणि त्याच्या साधारण निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह घालायचा: नऊ इंच असेल तर साडेचारचा.

कधी कधी तर काहीच बिघडलेलं नसतं. समुद्रकाठी उत्तम ट्यून केलेली गाडी सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरला नेली की तेच जेट जास्त पेट्रोल द्यायला लागतात, कारण हवाच विरळ झालेली असते. जेट बदलायची खरी वेळ ही.

म्हणून कुणाच्या गाडीचा प्लग काळा निघालाच, तर जेटची पेटी तूर्त बंद ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि ती बदलण्याआधी जादा पेट्रोल कुठून येतंय ते शोधा.